तंबाखूवर उभा राहिलेला घरंदाजपणा

1674 सालच्या सप्टेंबरात, उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत, यॉर्क परगण्याच्या कोर्टापुढे जेम्स बुलक नावाचा एक शिंपी उभा होता. मॅथ्यू स्लेडर नावाच्या माणसाच्या घोड्याशी त्यानं आपल्या घोडीची शर्यत लावली होती. पैज होती 2,000 पौंड तंबाखूची. कोर्टानं बुलकला 100 पौंड तंबाखूचा दंड केला आणि कारणही निकालात लिहून ठेवलं: मजुरानं शर्यत लावणं कायद्याविरुद्ध आहे, हा खेळ फक्त जंटलमन लोकांचा. स्लेडरनं तर बुलकची घोडी जिंकावी म्हणून आपला घोडा वाटेतून बाजूला काढण्याचा करारच सही-शिक्क्यानिशी लिहून दिला होता. त्या लबाडीबद्दल त्याला तासभर खोड्यात बसवलं. शिंप्याला दंड झाला तो मात्र पायरी सोडल्याबद्दल.

हा निकाल वाचून मी थबकलो, कारण व्हर्जिनियात तेव्हा पिढीजात खानदानी म्हणावीत अशी घराणी जवळजवळ नव्हतीच. इंग्रजांनी जेम्सटाउनला वस्ती केली 1607 मध्ये. म्हणजे उणीपुरी 67 वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये जंटलमन कोण हे गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असायचं. वडिलोपार्जित जमीन, घराण्याचं मानचिन्ह आणि स्वतः हात न मळवता खंडावर जगण्याची ऐपत, एवढं असलं की बाकी काही सांगावं लागत नसे. अटलांटिकच्या पलीकडे मात्र कुणाचा बाप काय करत होता हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत होतं. पुढे व्हर्जिनियातल्या पहिल्या घराण्यांत ज्याची गणना होऊ लागली, त्या बर्ड घराण्याचा तिथला मूळपुरुष लंडनमधल्या एका सोनाराचा मुलगा होता. मामाची जमीन वारशानं मिळाली आणि कातड्यांच्या व्यापारात तो वर आला.

व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळेमालकांचं सगळं वागणं समजून घ्यायची किल्ली इथे आहे. घरंदाजपणा त्यांना जन्मानं मिळालेला नव्हता, म्हणून तो रोज, चारचौघांसमोर करून दाखवावा लागत होता. घर, पोशाख, चालणं, बोलणं, नाचणं, पाहुण्याला जेवू घालणं, हे सगळे त्याचे पुरावे होते. आणि हा नुसता हौसेचा मामला नव्हता. परगण्याच्या कोर्टातले न्यायाधीश, चर्चचे कारभारी, वसाहतीच्या विधिमंडळाचे सभासद, गव्हर्नरच्या कौन्सिलातले सल्लागार, सगळे याच वर्गातले. आपण जंटलमन आहोत हे लोकांना पटवणं म्हणजे राज्य करायचा हक्क आपलाच आहे हे पटवणं.

या थाटाला पैसा तंबाखूचा होता. जेम्स, यॉर्क, रॅपहॅनॉक आणि पोटोमॅक या नद्यांच्या काठी मळे होते आणि मोठ्या मळेवाल्याचा स्वतःचा धक्का असे. पानं वाळवून हजार पौंडांच्या आसपास वजन मावणाऱ्या प्रचंड पिंपांत ठासून भरायची आणि जहाजात चढवायची. नाणं दुर्मीळ असल्यामुळे तंबाखू हेच चलन होतं. दंड तंबाखूत, कर तंबाखूत, पाद्रीबुवांचा कायद्यानं ठरलेला पगारसुद्धा वर्षाला 16,000 पौंड तंबाखू.

मोठे मळेवाले हा माल इथे विकत नसत. तो लंडनमधल्या व्यापाऱ्याकडे आडतीवर जात असे. व्यापारी तिथे तो विकणार, आपलं कमिशन कापून घेणार आणि सोबत आलेल्या यादीप्रमाणे सामान घेऊन परतीच्या जहाजानं पाठवणार: खुर्च्या, पडदे, चहाची भांडी, विग, घोड्याचं खोगीर, मुलींच्या बाहुल्या. सामानाची किंमत तंबाखूच्या भावापेक्षा जास्त झाली, आणि ती बहुतेकदा व्हायचीच, तर फरक उधारीच्या खात्यावर चढायचा. यादी लिहिल्यापासून वस्तू हातात पडेपर्यंत महिनेच्या महिने जायचे. म्हणजे तुमची आवडनिवड, तुमची पत आणि तुमची अब्रू तीन हजार मैलांवरच्या एका माणसाच्या हातात होती.

वस्तू आणि अब्रू यांचं नातं विल्यम फिट्झह्यू या मळेवाल्यानं फार लवकर ओळखलं. 1688 मध्ये चांदीची भांडी मागवताना त्यानं पत्रात लिहिलं की कपाटभर चांदी ठेवणं जितकं प्रतिष्ठेचं तितकंच शहाणपणाचं आहे. रोज वापरता येते, लोकांत वजन राहतं आणि अडीनडीला ती मदतीला धावून येते. आपल्याकडे सोन्याबद्दल आजीनं नातसुनेला सांगावं, तसंच हे बोलणं आहे.

घरांत झालेला बदल तर नजरेत भरणारा आहे. सतराव्या शतकात बऱ्यापैकी सुखवस्तू मळेवालाही जमिनीत खांब पुरून उभारलेल्या लाकडी घरात राहायचा. एक-दोन खोल्या, आणि त्यांतच खाणं, झोपणं, पिंपं, अवजारं. नोकर आणि मालक अनेकदा एकाच छपराखाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात विटांचे सममितीय वाडे उभे राहू लागले. मधोमध दरवाजा, दोन्ही बाजूंना मोजून तितक्याच खिडक्या, आत रुंद दिवाणखान्यासारखा मार्ग, जेवायला वेगळी खोली आणि बसायला वेगळी. स्वयंपाकघर घराबाहेर गेलं. त्याबरोबर स्वयंपाक करणारी माणसंही बाहेर गेली, आणि काम व त्याचे वास, आवाज, घाम सगळं पाहुण्यांच्या नजरेआड झालं. ज्याला विटाही परवडत नसत किंवा सोयीच्या नसत तो दुसरी वाट शोधायचा. पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टननं माउंट व्हर्नन या आपल्या घराच्या लाकडी फळ्यांना दगडी चिऱ्यांसारखे खाचे पाडून घेतले, रंग दिला आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू फेकवली. लांबून घर दगडाचं वाटतं. आजही तिथे गेलं की भिंतीला हात लावेपर्यंत ते कळत नाही.

या वर्गाचं मन सर्वांत उघडं दिसतं ते दुसऱ्या विल्यम बर्डमध्ये, म्हणजे बर्ड घराण्याच्या त्या मूळपुरुषाच्या मुलामध्ये. जन्म त्याच 1674 सालचा. सातव्या वर्षी त्याला शिकायला इंग्लंडला धाडलं. तिथे तो वकील झाला आणि विशीतच रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा सभासद झाला. आयुष्याचा जवळजवळ अर्धा काळ त्यानं इंग्लंडात काढला. जेम्स नदीकाठच्या वेस्टओव्हर या त्याच्या मळ्यावर साडेतीन हजारांच्या घरात ग्रंथ होते. त्या काळच्या इंग्रजी वसाहतींतला हा सर्वांत मोठ्या खासगी संग्रहांपैकी एक. तो लघुलिपीत गुप्त रोजनिशी लिहायचा. पहाटे उठून हिब्रू वाचलं, ग्रीक वाचलं, प्रार्थना केली, न्याहारीला दूध घेतलं, ‘माझा नाच नाचलो’ (म्हणजे बहुधा व्यायाम): दिवसामागून दिवस हीच नोंद. लंडनच्या क्लबांपासून हजारो मैल दूर, पाहायला कुणी नसताना, हा माणूस रोज सकाळी स्वतःला जंटलमन म्हणून पुन्हा घडवत होता. मला यात केवळ दिखावा दिसत नाही. त्याला खरोखर तसं व्हायचं होतं.

पण इंग्लंडनं त्याला आपला मानलं का? पहिली बायको वारल्यावर लंडनमध्ये त्यानं एका श्रीमंत घरच्या मुलीला मागणी घातली. तिच्या वडिलांच्या लेखी इंग्लंडबाहेरची जमीनदारी म्हणजे चंद्रावरच्या जमीनदारीसारखी. लग्न जमलं नाही. 1726 मध्ये तो व्हर्जिनियाला परतला तो कायमचाच. तिथून एका इंग्रज उमरावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की बायबलमधल्या कुलपतींसारखी माझी खिल्लारं आहेत, कळप आहेत, दास-दासी आहेत, आणि ईश्वर सोडला तर मी कुणावरही अवलंबून नाही. हे पत्र अनेकदा अभिमानाचं म्हणून वाचलं जातं. मला त्यात एका नाकारल्या गेलेल्या माणसाचा आवाजही ऐकू येतो.

वागणुकीचं शिक्षण किती कडक होतं, ते फिलिप फिथियनच्या रोजनिशीत दिसतं. प्रिन्सटनला शिकलेला, न्यू जर्सीचा हा साधा तरुण 1773-74 मध्ये नोमिनी हॉल या मळ्यावर, तिथले मालक रॉबर्ट कार्टर यांच्या मुलांचा शिक्षक होता. त्याला नाचता येत नव्हतं आणि त्याची त्याला फार लाज वाटायची. या वसाहतीत नाच, मुष्टियुद्ध, फिडल, छोटी तलवार आणि पत्ते एवढं येतच असेल असं प्रत्येक तरुण जंटलमनविषयी गृहीत धरतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. ख्रिश्चन नावाचे नृत्यशिक्षक घरोघरी फिरून शिकवणी घेत. एकदा पावलं चुकली म्हणून त्यांनी दोन मुलींना मारलं. त्यांतल्या एकीची आई समोर बसलेली होती. सभ्यपणा अंगात असा मुरवला जात होता.

रविवारचं चर्चही याला अपवाद नव्हतं. प्रार्थना सुरू होईपर्यंत जंटलमन मंडळी आत जात नसत. बाहेर तंबाखूच्या आणि घोड्यांच्या गप्पा चालत, कामाची पत्रं दिली-घेतली जात. मग सगळे मिळून, आधीच बसलेल्या साध्या शेतकऱ्यांसमोरून, आपल्या जागांवर जाऊन बसत. परतताना पुन्हा तसंच. कोण कुठल्या पायरीवर आहे हे न बोलता सगळ्या गावाला दर आठवड्याला दिसत होतं.

साध्या शेतकऱ्यांना नुसतं दिपवून भागत नव्हतं, राजी ठेवणंही भाग होतं, कारण मत त्यांचं होतं. म्हणून उदारपणा हा जंटलमनचा गुणच नव्हे तर कर्तव्य होतं. 1758 च्या निवडणुकीत वॉशिंग्टन स्वतः सरहद्दीवर फौजेत होता. त्याच्या वतीनं फ्रेडरिक परगण्यात सुमारे 160 गॅलन रम, पंच, वाइन आणि बिअर वाटली गेली. निवडून आल्यावर त्यानं आपल्या माणसाला लिहिलं की विरोधात मत देणाऱ्यांनाही सारखीच दिली असेल अशी आशा आहे, आणि भीती एकच, की तुम्ही हात आखडता तर घेतला नाही ना.

याच वॉशिंग्टननं लहानपणी शिष्टाचाराचे 110 नियम वहीत उतरवून काढले होते: चारचौघांत कसं बसावं, जेवताना काय करू नये, मोठ्यांशी कसं बोलावं. 1759 मध्ये श्रीमंत विधवा मार्था कस्टिसशी लग्न झाल्यावर लंडनला जाणाऱ्या त्याच्या याद्या लांबत गेल्या. 1760 च्या सप्टेंबरात आपल्या व्यापाऱ्याला तो कळवळून लिहितो की चांगलं आणि चालू फॅशनचं सामान मागवूनही आम्हाला अनेकदा आमच्या पूर्वजांनी वापरावं असलं काहीतरी पाठवलं जातं. ही तक्रार निव्वळ गिऱ्हाइकाची नाही. इंग्रज म्हणून जगायला इंग्लंडहूनच वस्तू आणायच्या, आणि इंग्लंडनं वसाहतीतला माणूस म्हणून जुना, पडून राहिलेला माल गळ्यात मारायचा, हे त्याला झोंबत होतं.

वस्तूंच्या या प्रवासात हिंदुस्थानचाही एक धागा आहे. घरी असताना ही मंडळी विग आणि घट्ट कोट काढून ‘बनियन’ घालत. आपण गंजीफ्रॉकला बनियन म्हणतो तो हा नव्हे. हा पायघोळ, सैल झगा. पण शब्द मूळचा एकच, हिंदुस्थानातल्या वाण्यांवरून, म्हणजे बनियांवरून युरोपात गेलेला. कापडही कित्येकदा हिंदुस्थानी छिटाचं असे. बनियन घालून हातात पुस्तक घेतलेलं चित्र काढून घेतलं की माणूस विद्याव्यासंगी ठरायचा.

आता उधारीकडे येऊ. ‘ऋण काढून सण’ ही म्हण या लोकांना अगदी नेमकी बसते, फक्त सण वर्षभर चालायचा. जॉन वेल्स हा स्वतः मळेवाला, शिवाय एका इंग्रज पेढीचा वसुलीचा माणूस, म्हणून त्याला आतली माहिती होती. 1766 मध्ये त्यानं पेढीला लिहिलं की पंचवीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्याचे हजार पौंड देणं असणं ही कधीच न फिटणारी रक्कम वाटायची, आता त्याच्या दहापट रकमेबद्दल लोक सहज बोलतात. 1740 मध्ये झोपायच्या खोलीतला एखादा लहान तुकडा सोडला तर तुर्की गालिचा पाहिल्याचं आठवत नाही, आता तुर्की आणि विल्टन गालिच्यांइतकं सर्रास दुसरं काही नाही. हा वेल्स म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सनचा सासरा. 1773 मध्ये तो वारला आणि त्याच्या जमिनी, त्याचे गुलाम आणि त्याचं कर्ज, तिन्ही जावयाच्या वाट्याला आलं. नंतर जेफर्सननं लिहिलं की ही कर्जं बापाकडून मुलाकडे इतक्या पिढ्या चालत आली होती की मळेवाले म्हणजे लंडनमधल्या काही पेढ्यांना जोडलेली एक प्रकारची मालमत्ताच झाले होते.

खर्च कमी का करत नव्हते? याचं उत्तर वॉशिंग्टननं 1769 च्या एप्रिलात आपला शेजारी मळेवाला जॉर्ज मेसन याला लिहिलेल्या पत्रात आहे. ब्रिटिश संसदेनं लादलेल्या करांविरुद्ध इंग्रजी मालावर बहिष्कार घालावा अशी तेव्हा चर्चा चालू होती. वॉशिंग्टन म्हणतो, उधळ्या माणसाला या निमित्तानं काटकसर करायला सबब मिळेल. एरवी तो मनात म्हणतो की इतकी वर्षं या थाटात राहिलो, आता कसं बदलू, लाज वाटते, आणि बदललो तर लोकांना वाटेल याची दौलत आटली, तसा संशय जगाला येता कामा नये. त्या वर्गाच्या जगण्यातली गोम इतक्या स्वच्छपणे त्यांच्यातल्या दुसऱ्या कुणी सांगितलेली मला आढळली नाही. थाट कमी करणं म्हणजे पत गमावणं, आणि पत उधारीवर टिकलेली.

बहिष्कार ठरला. त्याच वर्षी डिसेंबरात वसाहतीच्या राजधानीत, विल्यम्सबर्गला झालेल्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, शंभरच्या आसपास स्त्रिया घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे झगे घालून आल्या आणि वर्तमानपत्रानं त्यांचं कौतुक छापलं. काल जे कापड गरिबीची खूण होतं ते आज मान ठरलं. नाच तोच, पावलं तीच, मंडळीही तीच. त्यांनी सभ्यपणा सोडला नव्हता. तो ठरवायचा अधिकार लंडनकडून काढून घेतला होता. पुढे झालेल्या अमेरिकन राज्यक्रांतीची कारणं अनेक आहेत, कर आणि जमिनी आणि सत्ता. पण शंभर वर्षं इंग्रज होण्यासाठी धडपडलेल्या आणि तरीही दुय्यम ठरलेल्या माणसांचा दुखावलेला मानही त्यांत धरायला हवा.

आतापर्यंत ज्यांच्याबद्दल मी जेमतेम एखादं वाक्य लिहिलं, त्यांच्यावर हे सगळं उभं होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्हर्जिनियातल्या दर पाच माणसांत सुमारे दोन गुलाम बनवलेली आफ्रिकी वंशाची माणसं होती. हिब्रू वाचायला लागणारी सकाळची फुरसत त्यांच्या श्रमातून येत होती. लंडनच्या कर्जाला तारण म्हणून तीच माणसं होती. मालकामागे गणवेश घालून उभं राहणं हेही त्यांच्याकडून करवून घेतलं जाणारं काम होतं. ग्रीक वाचल्याची नोंद असलेल्या बर्डच्या त्याच रोजनिशीत चाबकाच्या नोंदी आहेत. युजीन नावाचा मुलगा अंथरुणात लघवी करतो म्हणून त्याला बर्डनं लघवी प्यायला लावली. बर्डच्या बायकोनं जेनी नावाच्या मुलीला तापलेल्या इस्त्रीनं डागायला लावलं. याच बायकोनं विल्यम्सबर्गला जाण्याआधी भुवया कोरायचं म्हटलं तेव्हा बर्डनं मनाई केली आणि ‘माझा अधिकार राखला’ असं समाधानानं लिहून ठेवलं. स्वतःवर ताबा हा जंटलमनचा पहिला गुण. इथे तो गुण दुसऱ्यांच्या अंगावरचा ताबा होऊन बसला होता. जेफर्सननंही लिहिलं आहे की मालक आणि गुलाम यांचा सगळा व्यवहार म्हणजे बेफाम विकारांचा सततचा सराव आहे, आणि आमची मुलं ते पाहून तसंच वागायला शिकतात.

नोमिनी हॉलच्या संगीताच्या बैठकी आणि ग्रंथालय पाहून भारावलेल्या फिथियननं एकदा गुलामांच्या शिध्याची चौकशी केली. जेवणाच्या टेबलाशी काम करणारे काही मर्जीतले सोडले तर माणशी आठवड्याला सुमारे 9 लिटर मापाचा मका आणि पौंडभर मांस. आणि या भागातले सगळ्यांत दयाळू मालक कार्टरच समजले जातात, असं त्यानं पुढे उद्गारचिन्ह घालून लिहिलं.

यांच्या पुढच्या पिढ्यांचं काय झालं? बर्डच्या मुलानं जुगारात आणि कर्जात घर बुडवलं, लॉटरी काढून जमिनी विकायचा प्रयत्न केला आणि 1777 च्या पहिल्या दिवशी आत्महत्या केली. बापाचे ग्रंथ त्याच्या विधवेनं विकून टाकले. जेफर्सन 1826 मध्ये लाख डॉलरच्या वर कर्ज मागे ठेवून वारला. पुढच्या जानेवारीत मॉंटिसेलो या त्याच्या घराच्या अंगणात फर्निचर आणि गुरांबरोबर 130 माणसांचा लिलाव पुकारला गेला.

रॉबर्ट कार्टर वेगळ्या वाटेनं गेले. राज्यक्रांतीच्या काळात ते बाप्टिस्ट झाले. ज्या पंथात साधे शेतकरी आणि गुलाम एकत्र बसून प्रार्थना करत आणि ज्याला त्यांच्या वर्गातले लोक नाक मुरडत, त्यात ते जाऊन बसले. 1791 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक दस्त केला. टप्प्याटप्प्यानं आपल्या सगळ्या गुलामांना मुक्त करायचं, असा तो दस्त. यादीत साडेचारशेहून जास्त माणसं आहेत, मळ्यानुसार, नाव आणि वयासकट. शेजारचे मळेवाले संतापले. 1793 मध्ये कार्टर नोमिनी हॉल सोडून बाल्टिमोरला गेले आणि परत आले नाहीत. 1804 मध्ये ते वारले तेव्हा त्यांना पुरलं, पण थडग्यावर दगड ठेवला नाही.